रेषेवरची चार बोटं

"थांबा. आता उलटं फिरवा," मी म्हणाले.

अण्णांनी लेन्सची कडी उलटी फिरवली. समोरच्या भिंतीवर चिकटवलेलं वर्तमानपत्राचं पान संगणकाच्या पडद्यावर आधी धूसर झालं, मग स्पष्ट झालं, आणि स्पष्ट होता होता टुणकन डावीकडे सरकलं.

"धक्का लावलात कॅमेऱ्याला?"

"मी कशाला धक्का लावू? काल धरलाय का कॅमेरा हातात?"

"मग परत सुलटं."

पान आपल्या जागी परत आलं.

"भिंतच हलती म्हण की सरळ," अण्णा म्हणाले. "शेजारी माग आहेत. सगळी आळी हादरती."

"आज मागांना सुट्टी आहे, अण्णा. ऐका की, किती शांत आहे."

त्यांनी ऐकलं. विट्यातल्या आमच्या आळीत यंत्रमाग बंद असले की कावळा ओरडला तरी दचकायला होतं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि कडी पुन्हा एकदा, या वेळी फार सावकाश, उलटी फिरवली. पान सरकलं.

मी तेव्हा सांगलीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवत होते आणि बिरोबाच्या यात्रेसाठी घरी आले होते. अण्णांनी फोनवर एवढंच सांगितलं होतं की मोठ्या लेन्सनं काढलेला फोटो एका कडेला जरा मऊ, पुसट येतोय, येशील तेव्हा बघून जा. लेन्स जुन्या फिल्म कॅमेऱ्याची होती. रशियन, आट्यांची, खलबत्त्यासारखी जड. कॅमेरा मात्र नवा, डिजिटल. दोघांचं जमत नाही म्हणून मधे एक पितळी कडं बसवलेलं होतं. त्यालाच अडॅप्टर म्हणायचं. एका अंगाला त्यात लेन्सचे आटे बसत, दुसऱ्या अंगाचे तीन दात कॅमेऱ्याच्या खाचांत अडकत.

मी लेन्स काढली, कडं हातात घेतलं, कॅमेऱ्यावर नुसतंच बसवलं आणि बोटानं ढकललं. ते डुलत होतं. फार नाही. डोळ्यांना दिसणारही नाही इतकं, पण बोटाला कळत होतं.

"दात झिजलेत," मी म्हणाले. "तुम्ही कडी एका बाजूला फिरवली की लेन्स त्या बाजूला कलते, दुसरीकडे फिरवली की दुसरीकडे. म्हणून कडेला मऊ येतं."

"मग आता? यात्रा तोंडावर आलीय. कमिटीचा बजरंग येईल संध्याकाळी विचारायला."

"तोपर्यंत होईल."

"नक्की? नाहीतर आत्ताच सांग बाई. माळावर तोंडघशी नको."

माळ म्हणजे बिरोबाचा माळ, आणि तिथल्या बैलगाड्यांच्या शर्यती. शर्यतींवर बंदी यायच्या आधीची ही गोष्ट. अण्णांचा फोटो स्टुडिओ तोवर नुसता पासपोर्ट फोटोंवर आला होता. लग्नाचं काम पोरांनी घेतलं होतं आणि बारशाचे फोटो लोक मोबाइलवर काढत. पण यात्रेच्या दिवशी अण्णा पांढरा शर्ट, पांढरी विजार घालून शेवटच्या रेषेच्या टोकाला मांडवात बसत, आणि निवेदक लाउडस्पीकरवरून पुकारत, "आता निकाल कोष्टी अण्णांच्या कॅमेऱ्याचा!" हजारो माणसं गप्प होऊन त्यांच्या बोटाकडे बघत. वर्षातला तो एक दिवस अण्णांना उरलेलं सगळं वर्ष पुरत असे.

कॅमेरा यायच्या आधी शेवटच्या रेषेवर झेंडा घेऊन पंच उभे राहत. दोन गाड्या बरोबर आल्या, बैलांची नाकं सारखी दिसली, की पंच झेंडा आडवा धरत. त्याला आमच्याकडे 'सामना' म्हणतात. निशाण दोघांचं, गुलाल दोघांवर. पण पुढे तरुण पोरं सामन्यावर भांडायला लागली, पंचांची गचांडी धरायला लागली, म्हणून कमिटीनं अण्णांना बसवलं. कॅमेरा आला तसा माळावरचा सामना बंद झाला. एक पहिला, एक दुसरा.

दुपारी मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आणलेला स्क्रू गेज काढला. थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापला, कानस मारून दातांच्या मापाच्या तीन पट्ट्या केल्या आणि एकेक करून दाताखाली सरकवल्या. एक जाड झाली, कडं बसेचना. ती घासली. मग कड्याच्या कडेला बारीक भोक पाडून एक स्क्रू बसवला, म्हणजे एकदा लावलं की ते फिरायलाच नको. अण्णा मधे मधे डोकावत होते.

"शीतपेयाच्या डब्यानं नीट होणार असेल तर एवढं शिकवलं कशाला तुला?"

"डबा कुठला कापायचा ते कळावं म्हणून."

"तोंड मात्र आईचं घेतलंस."

उन्हं कलल्यावर आम्ही पुन्हा पान लावलं. अण्णांनी कडी सुलटी फिरवली, उलटी फिरवली. पान धूसर झालं, स्पष्ट झालं, आणि होतं तिथंच राहिलं. मी पडद्यावर दोरा धरून बघितला. अगदीच स्थिर नव्हतं, पण सरकणं केसाएवढं उरलं होतं.

अण्णा मनापासून हसले. आईला हाक मारून चहा टाकायला सांगितला. मग खुर्ची ओढून बसले आणि कडी उगाचच मागे पुढे करत राहिले, लहान मुलाला नवी शिट्टी मिळाल्यासारखं. चहा आला, निम्मा झाला, आणि त्यांचा हात थांबला.

"शैले, हे दात काय काल झिजले नसतील."

"नाही. हळूहळू झिजतात."

"मागच्या साली?"

त्यांनी कप खाली ठेवला.

"मी माळावर काय करतो माहिताय का? आधी रेषेच्या पलीकडच्या टोकाचा, लांबचा खांब धरतो. फोकस लांब नेतो, कॅमेऱ्यातली मधली उभी रेघ खांबावर बसवतो, जवळचा खांब पण तिच्यावर येतो का बघतो. आला की स्टँडचे पाय घट्ट करतो. आणि मग कडी उलटी फिरवून फोकस मधे आणतो, गाड्या जिथून जातात तिथं." त्यांनी हवेतच कडी फिरवून दाखवली. "उलटी."

"दर वेळी?"

"दर वेळी. कधी चुकत नाही मी."

"फोकस मधे आणल्यावर खांब परत बघत नाही?"

"तवा खांब धूसर होतात. आणि धूळ किती असती! बघायचं कशाला? घट्ट केलेलं असतंय की सगळं."

मागच्या वर्षीचा फायनलचा फोटो स्टुडिओच्या दर्शनी कपाटात होता. मोठा करून, चौकट करून. तो मला पाठ होता. गावातल्या प्रत्येकाला होता. जवळच्या पट्ट्यात जगताप बंधूंची गाडी, तिच्या बैलाचं नाक रेघेवर. लांबच्या पट्ट्यात रंगराव मंडल्यांची गाडी, तिचा पाखऱ्या बैल रेघेच्या चार बोटं अलीकडे. छकड्यावर उभा असलेला त्यांचा भाचा संपत, आणि त्याचा एक हात वर. फोटो पडद्यावर आल्यावर माळावर कुणीतरी ओरडलं होतं, "रेषा यायच्या आधीच हात वर केला! कासरा ढिला सोडला येड्यानं!" आणि तेच खरं ठरलं होतं.

रंगराव म्हणजे रंगातात्या, अण्णांचे शाळेपासूनचे दोस्त. त्या दिवशी त्यांच्या वाडीची पोरं फोटो खोटा म्हणून धावून आली होती. तात्यांनीच त्यांना आडवं होऊन मागे लोटलं. "इसूच्या कॅमेऱ्यानं सांगितलं म्हंजे झालं," ते अण्णांचं लहानपणीचं नाव घेऊन म्हणाले होते. घरी जाऊन त्यांनी संपतला बाहेर काढलं. बहिणीचा मुलगा, आईवेगळा, पाळण्यातला आणून वाढवलेला. पाखऱ्याला त्यानंच वासराचा बैल केला होता. वर्ष झालं, मामा भाचा एकमेकांशी बोलत नव्हते.

मी चौकट उघडून फोटो टेबलावर घेतला. अण्णांनी टेबलाच्या अलीकडच्या कडेला एक पेला ठेवला, पलीकडे दुसरा.

"सांग मला नीट. मी अडाणी आहे असं समजून सांग."

मी एक दोरी घेतली. टोक अण्णांच्या हातात दिलं. "तुम्ही कॅमेरा. दोरी म्हणजे तुमची रेघ. ती दोन्ही पेल्यांवरून जाते. आता मी लांबचं टोक इतकंसं हलवते. जवळच्या पेल्यापाशी दोरी किती सरकली?"

"बोटभर."

"लांबच्या?"

त्यांनी बघितलं. "चांगली वीतभर."

"म्हणजे रेघ कलली तर दोन्ही गाड्यांना सारखा फरक पडत नाही. लांबच्या गाडीला जास्त पडतो."

"कुठल्या अंगाला?"

"तुम्ही उलटी फिरवता तेव्हा चित्र डावीकडे जातं. तुमच्या मांडवातून गाड्या डावीकडून येतात ना? मग लांबची गाडी होती त्यापेक्षा मागे दिसणार."

अण्णा दोरी धरून तसेच बसले. आत आईनं कुकर लावला होता, त्याची शिट्टी झाली.

"म्हणजे रंगाची गाडी पहिली होती."

"तसं नाही म्हणता येत. आज जेवढं हलतं तेवढंच मागच्या वर्षी हलत असेल तर ती वीतभर पुढे असेल. पण तेव्हा दात कमी झिजलेले असतील. किती कमी, ते कळायला मार्ग नाही. कदाचित जगतापच चार बोटांनी पुढे असतील. कदाचित दोन."

"मग खरं काय?"

"सांगता येत नाही."

"एमएस्सी झालीस, पोरांना शिकवतीस, आणि सांगता येत नाही?"

"सांगता येत नाही एवढं नक्की सांगता येतं, अण्णा. त्या दिवशीसुद्धा सांगता येत नव्हतं."

"मी मात्र सांगितलं," अण्णा म्हणाले.

संध्याकाळी बजरंग सरगर आले. यात्रा कमिटीचे अध्यक्ष, दारातूनच बोलत येणारे. "काय अण्णा, तोफ तयार हाय का? शैलाताई पण आल्यात! बरं झालं, औंदा निकाल फिजिक्सचा लागणार!"

अण्णांनी त्यांना बसायला सांगितलं आणि सगळं सांगितलं. पेले, दोरी, दात. बजरंगरावांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "आता नीट झालाय ना?"

"झालाय."

"मग इषय संपला. दुरुस्त झालं, देव पावला. मागचं कशाला उकरायचं?"

"मागचा निकाल मी दिलाय, बजरंग."

"दिला ना? लोकांनी घेतला. जगतापांनी वर्षभर बक्षिसाची गदा दारात टांगून ठेवलीय, गावोगाव मिरवून आल्यात. आता जाऊन सांगायचं व्हय, की भाऊ, उतरवा, आमच्या कड्याचे दात पडल्यात?" ते हसले, पण एकटेच. मग आवाज खाली आणून म्हणाले, "अण्णा, तुमचा कॅमेरा एकदा चुकला म्हटलं की त्यो कायमचा चुकला. परत कोण इश्वास ठेवणार? तुम्हाला पुन्हा कोण बसवणार तिथं? मी नाही म्हणणार नाही, पण कमिटीत मी एकटा नाही."

"मी उद्या माळावर सांगणार. सांगू देत नसशील तर कॅमेरा आणत नाही."

"ह्यो काय हट्ट?" बजरंगराव माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही तरी समजवा."

मी म्हणाले, "मीच मोजलंय, काका."

ते उठले. जाताना चौकटीतून काढलेल्या फोटोकडे एकदा बघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अण्णांनी स्कूटर काढली. मला म्हणाले, "चल. मला दोरी नीट धरता यायची नाही." फोटो मी मांडीवर धरला.

मंडल्यांची वस्ती रस्त्यापासून आत, द्राक्षाच्या बागेला लागून. पाखऱ्या अंगणात बांधलेला होता. शिंगांना नुकतंच तेल लावलेलं, अंगावर झूल घालायची बाकी. तात्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. अण्णांना बघून त्यांचा हात थांबला नाही.

"या," ते म्हणाले. "वाट चुकला काय?"

"चुकलोच म्हण."

"पोरगी पण आलीय. बस बाई. पाणी द्या गं!"

अण्णा बसले नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. मधे अडले तेव्हा मी दोरी काढली, पण तात्यांनी हातानंच नको म्हटलं. ते बैलाच्या वशिंडावर हात ठेवून ऐकत होते.

"म्हंजे आमी पयले?" त्यांनी विचारलं.

"ते सांगता येत नाही," अण्णा म्हणाले.

"जगताप पयले?"

"तेही नाही."

"मग इसू, आलायस कशाला तू?"

"हेच सांगायला. पंच असते तर त्यांनी झेंडा आडवा धरला असता. मी आडवा धरला नाही. मला बोल काय बोलायचं ते. मारलंस तरी चालंल."

बैल शेपटीनं माश्या हाकत होता. मग तात्या म्हणाले, "तुला काय मारू? तुझ्या कॅमेऱ्यानं चार बोटं दाखवली. हात मी बघितला. फोटोत हात दिसला आन् मला वाटलं, हां, असंच हाय हे. लई मिजास आलीय भाड्याला." ते माझ्याकडे वळले. "बाई, फोटो आणलाय न्हवं? त्यो हात दाव मला."

मी फोटो पुढे धरला. तात्यांनी तो बागेच्या सावलीत नेला, लांब धरला, जवळ आणला.

"हात रेषेच्या आधी वर गेला का नंतर? ह्यात कळतं?"

"नाही, तात्या. रेषाच नक्की कुठं होती ते माहीत नाही. त्यामुळे हातही आधी की नंतर, सांगता येत नाही."

"तुमच्या बापलेकीला एवढंच येतं वाटतं," तात्या म्हणाले. पण आवाजात धार नव्हती. त्यांनी फोटो मला परत दिला, पायतान घातलं आणि म्हणाले, "चला. त्यो कोंबड्यांत असंल."

संपत कोसभर अंतरावर एका पोल्ट्रीत काम करत होता. तात्या त्यांच्या मोटरसायकलवर पुढे, आम्ही मागे. पोल्ट्रीच्या फाटकापाशी तात्यांनी गाडी लावली आणि तिथंच थांबले. "तुमी जावा. तुमी सांगा. मला काय सांगता येणार त्यातलं?"

आत पांढऱ्या पिलांचा एकच चिवचिवाट होता. संपत कोपऱ्यात पाण्याची भांडी धूत बसला होता. शर्यतीतल्या फोटोतला माणूस उंच वाटायचा. हा बसलेला, पाठ वाकलेली. अण्णांना बघून उठला, ओले हात पँटला पुसले.

"अण्णा? मामाला काय झालं काय?"

"काही नाही. बाहेर उभा आहे."

त्यानं फाटकाकडे बघितलं आणि मान लगेच वळवली. अण्णांनी बोलायला सुरुवात केली. पिलांच्या आवाजात त्यांना मोठ्यानं बोलावं लागत होतं, आणि असलं काही मोठ्यानं बोलणं किती अवघड असतं ते मी त्या दिवशी बघितलं. शेवटी ते म्हणाले, "माझं चुकलं, संपत. तुझ्यावर आलं ते माझ्यामुळं आलं."

संपत ऐकत होता की नाही कळेना. त्यानं एक भांडं उचलून उपडं ठेवलं.

"अण्णा, सुरुवातीला मला पक्कं ठावं होतं. रेषा पायाखालनं गेली, मग हात वर केला. पक्कं. सगळ्यांना सांगितलं. मग तुमचा फोटो बघितला. जाता येता बघितला, काचेत लावलेला. मला वाटाय लागलं, आधीच केला आसंल मी. एवढं दिसतंय तर केलाच आसंल." त्यानं दुसरं भांडं ओढलं. "आता मला रेषा पायाखालनं गेलेली आठवतच नाही. आठवतो त्यो फोटोच आठवतो."

मीच म्हणाले, "तुम्हाला आधी जे आठवत होतं ते खोटं ठरवण्याइतका हा फोटो बरोबर नाही."

"म्हंजे माझं खरं?"

मला हो म्हणता आलं असतं. त्याच्या चेहऱ्याकडे बघून तसं म्हणावंसंही वाटलं. मी म्हणाले, "असेल. खोटं आहे असं आता कुणाला म्हणता यायचं नाही."

तो शब्द न शब्द तोलत असल्यासारखा उभा राहिला. मग त्यानं तोंड फिरवलं आणि बाहीनं पुसलं.

फाटकातून आवाज आला. "आरं, झालं का न्हाई? पाखऱ्या उपाशी उभा हाय तिकडं!"

"मग घाला की वैरण! मला कशाला सांगता?" संपत इथूनच ओरडला.

"नव्या हाकणाऱ्याच्या हातचं खाईना त्यो!"

"वर्षभर मग काय हवा खात होता?"

यावर फाटकाची कडी वाजली. मग तात्या म्हणाले, "तू येतोस का मी येऊ आत? कोंबड्यांचा वास सोसत न्हाई मला."

संपत भांड्यांकडे, मग पिलांकडे बघत राहिला. "मालकाला सांगून येतो," तो म्हणाला, अण्णांना की तात्यांना, कळलं नाही.

त्या दुपारी माळावर गटांच्या फेऱ्या सुरू व्हायच्या आधी अण्णांनी निवेदकाच्या हातातून माइक घेतला. बजरंगराव शेजारी उभे होते, हाताची घडी घालून, माळाच्या दुसऱ्या टोकाकडे बघत.

"मागच्या सालचा फायनलचा निकाल मी दिला," अण्णा म्हणाले. "तो देण्याइतका माझा कॅमेरा बरोबर नव्हता. निकाल सामना पाहिजे होता. आता कॅमेरा नीट केलाय. तरीपण यंदा नाकात नि नाकात दोन बोटांपेक्षा कमी अंतर असेल, तर मी सामना देणार. पटत नसेल त्यानं आत्ताच गाडी काढावी."

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "अण्णा, मग गदा काय मधनं कापायची व्हय?" सगळे हसले. जगतापांतला थोरला उठून मांडवाबाहेर गेला आणि पुन्हा दिवसभर अण्णांकडे फिरकला नाही. दोघा तिघांनी शिट्ट्या मारल्या. कुणीच गाडी काढली नाही.

पुढच्या वर्षी कमिटीनं विट्याचाच एक व्हिडिओवाला बसवला. त्यानंतर बंदी आली. अण्णा पुन्हा त्या मांडवात बसले नाहीत. कपाटातल्या त्या फोटोच्या जागी त्यांनी एका बाळाचा फोटो लावला, रांगणाऱ्या.

पण त्या दिवशी ते बसलेले होते आणि मी त्यांच्याशेजारी होते. मंडल्यांची गाडी गट जिंकून सेमीत आली. धूळ उठली, पाच गाड्या एकदम आल्या, अण्णांनी बटण दाबलं. फोटो बघायची गरजच पडली नाही. पाखऱ्या तिसरा होता. दोन गाड्या मागे. कुणालाही नुसत्या डोळ्यांनी दिसेल असा तिसरा.

धूळ बसायच्या आतच पलीकडच्या कडेनं आवाज यायला लागला.

"सोडायचा तिथं कासरा धरलास! सांगितलं हुतं का न्हाई?"

"कासऱ्याचं सांगू नका मामा, बैलाचं पोट बघा! वर्षभर नुसती पेंड चारलीया. बैल हाय का म्हैस?"

"म्हैस कुणाला म्हणतोस रं?"

"तुमच्या बैलाला!"

"माझ्या? तुझा न्हाई व्हय त्यो?"

मला वाटलं आता मारामारी होते. मी उठायला लागले. अण्णांनी माझा दंड धरून खाली बसवलं. निवेदक पुढच्या सेमीच्या गाड्या पुकारत होता, आणि अण्णांचं बोट बटणावर होतं, पण मान तिकडे वळलेली.

"बस," ते म्हणाले. "भांडू दे की त्यांना. किती दिवसांनी भांडतायत."